नेहमी काकूंनीच का उठायचं?



सुट्ट्या जवळ आल्या की आपल्या सक्करदऱ्यात घरोघरी तिकिटांची चर्चा सुरू होते. पूर्वी खालचे बर्थ किती मिळाले एवढाच प्रश्न असायचा. आता मुलं-सुना विमानाचं तिकीट काढतात. सोनेगावहून बंगळूर, तिथून गाडीने श्रवणबेळगोळ. वेळ वाचतो, पाय वाचतात. पण एक नवीनच कटकट मागे लागली आहे. तिकीट सहा जणांचं असतं आणि सीटा विमानभर विखुरलेल्या मिळतात. मग आत शिरल्यावर अदलाबदलीची विनवणी सुरू होते. या अदलाबदलीत कोणाला उठवतात, ते जरा आठवून बघा. लॅपटॉप उघडून बसलेल्या साहेबांना सहसा कोणी विचारत नाही. "काकू, तुम्ही जरा मागे बसता का?" हेच कानावर येतं. काकू नाही म्हणणार नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

माझं मत स्पष्ट आहे. लहान मुलाची सीट आई-वडिलांजवळ असलीच पाहिजे, पण ती द्यायची जबाबदारी कंपनीची आहे. काकूंच्या चांगुलपणावर तिने आपलं काम भागवू नये.

हे कंपनीला सक्तीचंही आहे. विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं, की १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या निदान एका पालकाजवळ जागा द्यायची आणि तशी नोंदही ठेवायची. यातले 'त्याच पीएनआरवर' हे शब्द नीट लक्षात ठेवा. नातीचं तिकीट मुलाने मुंबईहून काढलं आणि आपलं इथून निघालं, तर कंपनीच्या लेखी ती नात आपल्यासोबत नाही. 'निदान एका' हेही महत्त्वाचं. आई जवळ बसली की नियम पूर्ण झाला. आजी, आजोबा आणि बाबा त्यात येत नाहीत.

मी कॉमर्सची, त्यामुळे हिशेब केल्याशिवाय मला चैन पडत नाही. पूर्वी तिकिटात सगळं आलं असं आपण धरायचो. आता तिकीट वेगळं, आवडीची सीट वेगळी, जेवण वेगळं. समजा सीटला ३०० रुपये. सहा जण, जाणं-येणं, म्हणजे ३,६०० रुपये. आता घरातली माणसं वेगवेगळी पाहू. नातीला आईजवळची जागा नियमानेच मिळायला हवी, तिथे एक पैसाही लागू नये. आजोबांना वारंवार उठावं लागतं, त्यांना कडेची सीट हवी. आजीचे गुडघे दुखतात, तिलाही. दोघांचे जाऊन-येऊन १,२०० झाले, ते खुशाल द्या. नवरा-बायकोने दोन तास वेगळं बसलं तर काही बिघडत नाही. मोठा नातू तर मनातून खूशच होतो.

आणखी एक बघा. आपल्याकडच्या मोठ्या विमानांत बहुतेक वेळा वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन सीटा असतात. म्हणजे दर तिघांत एक माणूस मधे अडकणारच. खिडकी आणि कडेच्या सीटा पैसे देऊन आधीच निघून जातात, आणि फुकट वाट्याला बहुधा मधलीच येते. सहाही जण हाताला हात लावून बसायचा हट्ट धरला, तर तो दुसऱ्या कोणाच्या तरी पैशांनी पुरा होतो. त्या माणसाने कडेची सीट विकत घेतलेली असते.

काही जणी म्हणतात, सीटा ठरवूच नका, आधी येईल तो बसेल. हा प्रयोगही होऊन गेला आहे. कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन २००३ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यात सीट नंबर नसायचे. दार उघडलं की आपल्या एस.टी.सारखी धावपळ, फक्त खिडकीतून रुमाल टाकायची सोय तेवढी नव्हती. अमेरिकेतल्या साउथवेस्ट कंपनीने पन्नास वर्षांहून अधिक काळ असंच चालवलं. सहा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कुटुंबाला पहिल्या गटानंतर आत सोडायचे, म्हणून त्यांना एकत्र जागा मिळायची. तिथेही २७ जानेवारी २०२६ पासून सीट नंबर आले. नंबर नसले की धडधाकट माणूस पुढे पोचतो आणि गुडघेदुखीवाली मागे राहते. त्यामुळे मला नंबरच बरे वाटतात. फक्त ते देताना कंपनीने कुटुंब पाहावं.

आता आपल्या बाजूने काय करायचं ते सांगते. सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर काढा. बहुतेक देशांतर्गत विमानांचं वेब चेक-इन ४८ तास आधी उघडतं, ते शेवटच्या रात्रीवर ढकलू नका. मुलाची सीट लांब आली तर आधी कंपनीला फोन करा, नाही जमलं तर विमानतळावर लवकर जाऊन काउंटरवर नियमाचं नाव घेऊन मागा. विमानात चढेपर्यंत थांबू नका, तिथे हाती काही उरत नाही. दोन जावांच्या मांडीवर दोन तान्ही बाळं असतील तर तीन सीटांच्या एकाच रांगेत दोघींना बसवत नाहीत. तिथे वरून पडणारा ऑक्सिजनचा जादा मास्क एकच असतो. तेव्हा पुढे-मागे जागा घ्या.

रेल्वेचंही असंच एक कलम आहे. ज्येष्ठांच्या खालच्या बर्थचा कोटा पुरुषांना ६० वर्षांपासून, बायकांना ४५ पासून. पण तो एकट्याने किंवा तशा दोघांनीच एका तिकिटावर काढला तर. सहा मैत्रिणींचं एकच तिकीट काढलं की हा कोटा हातचा गेला. म्हणजे विमानात सगळे एका तिकिटावर, आणि रेल्वेत दोघी-दोघी.

दुसऱ्याच्या सीटवर आधी बसायचं आणि तो आला की "आम्ही फॅमिली आहोत" म्हणायचं, हे मात्र मला पटत नाही. न दिलेलं घेऊ नये, हे आपण पाठशाळेत शिकलो. त्याला उठवणं अवघड जाईल हे हेरून बसलं, तर मग ते काय झालं? उभं राहून विचारा, कडेच्या बदल्यात कडेचीच द्या, आणि तो नाही म्हणाला तर तोंड वाकडं करू नका.

आणि मैत्रिणींनो, उलट बाजूही तितकीच खरी. आपल्याला कोणी विचारलं तर "नाही हो, माझ्या गुडघ्यासाठी मी ही सीट पैसे देऊन घेतली आहे" एवढं शांतपणे म्हणता आलं पाहिजे. घरात उरलेली पोळी आपली, गाडीत मधली जागा आपली, लग्नात खाली गादी आपली. हे इतकं अंगवळणी पडलं आहे, की परक्या माणसालाही आपण उठणारच असं वाटतं. खरंच आईपासून दूर पडलेलं लेकरू रडत असेल तर आनंदाने उठा, मीही उठेन. पण त्याच वेळी तिथल्या मुलीला सांगा, की हे तुमच्या कंपनीने आधीच करायला हवं होतं, आणि घरी आल्यावर तसं दोन ओळींचं पत्रही पाठवा. आपण नुसतं गोड हसून उठत राहिलो, तर पुढच्या विमानात दुसरी एखादी काकू उठेल आणि कंपनीला कधी काही कळणारच नाही.

सुट्ट्यांची तिकिटं अजून निघायची असतील, तर मुलाजवळ बसा आणि कोणाला कुठली सीट खरंच लागते ती यादी आधी करा. त्या यादीत स्वतःचं नाव विसरू नका.

जय जिनेंद्र.