तांबडा दिवा विझेपर्यंत



गुऱ्हाळाच्या चरकात ऊस सारताना हात कोठवर न्यावा, हे निपाणीकडच्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही. मळणीयंत्राजवळ पदर घट्ट खोचून घ्यावा, हे आमच्या भगिनीही जाणतात. परंतु आता घरचा मुलगा शेत सोडून दाबोळीच्या, मुंबईच्या किंवा आखाती देशांतील विमानतळावर सामान चढविण्याच्या कामास जातो. तेथील चरक निराळा आहे. त्याला हात लावावा लागत नाही. तो माणसाला दुरूनच ओढून घेतो.

विमानाच्या इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा असतो. विमान जागेवर उभे असले तरी चालू इंजिन समोरची हवा जोराने आत खेचीत असते. मागील बाजूस तीच हवा तप्त झोताच्या रूपाने बाहेर पडते व माणसाला आडवे पाडू शकते. म्हणूनच विमानाच्या पाठीवर व पोटाखाली तांबडा दिवा लुकलुकत असतो. इंजिन चालू आहे किंवा आता चालू होणार आहे, असा त्याचा अर्थ. इंजिन बंद केल्यावरही पंखा लगेच थांबत नाही.

16 डिसेंबर 2015 च्या रात्री मुंबईत हैदराबादला निघालेले एअर इंडियाचे विमान जागेवरून मागे ढकलले जात असता, जवळच कामावर असलेला तंत्रज्ञ इंजिनात ओढला जाऊन मरण पावला. इशारा समजण्यात चूक झाली, असे त्या वेळी सांगण्यात आले. एका इशाऱ्याची चूक, आणि एका घराचा आधार गेला!

31 डिसेंबर 2022 रोजी अमेरिकेतील मॉन्टगोमेरी येथे असेच घडले. त्या विमानाचे वीज पुरविणारे लहान यंत्र नादुरुस्त होते. त्यामुळे विमान थांबल्यावरही इंजिन चालू ठेवावे लागले. विमान येण्यापूर्वी कामगारांना एकत्र बोलावून तसे बजावण्यात आले होते. तांबडा दिवाही चालू होता. एका सहकाऱ्याने ओरडून, हात हालवून मागे सरण्यास सांगितले. तरीही एका कामगार स्त्रीचे प्राण गेले.

यावरून एक गोष्ट ध्यानी येते. नियम ठाऊक असणे निराळे, आणि थांबण्याची सवय अंगी मुरणे निराळे. कानावर आवाजरोधक असतात, गोंगाटात हाक पोहोचत नाही, आणि विमान वेळेवर सुटावे म्हणून सर्वांचीच धांदल चाललेली असते. अशा वेळी बुद्धी नव्हे, सवयच माणसाला मागे ओढते. मात्र सारा भार कामगाराच्याच माथी मारणे न्यायाचे नव्हे. घाई करू न देणे हे मुकादमाचे कर्तव्य आहे. स्पष्ट इशारा मिळेपर्यंत विमान न हालविणे हे वैमानिकाचे. आणि पाच मिनिटांच्या उशिराने चडफडणाऱ्या आपणा प्रवाशांचे काय?

बेळगावच्या सांबरा किंवा कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावर आपण कधी गेलो, तर खिडकीतून खाली पाहावे. तेथे उन्हात उभा असलेला मुलगा कोणाचा तरी लेक आहे.

मातापित्यांनो, मुलाचा फोन आला की पगार झाला का, जेवलास का, हे आपण विचारताच. त्याबरोबर हेही विचारीत जा: “बाळा, तांबडा दिवा विझेपर्यंत थांबतोस ना?”