लोखंड त्यांचे आणि आमचे

‘सँडविक’ हे नाव खाणीवर किंवा यंत्रशाळेत उमेदवारी केलेल्यांना नवे नाही. खडक भेदणारे ड्रिल, दगड फोडणारे क्रशर आणि लेथवर पोलाद कापणारी कार्बाइडची हत्यारे जगभर पुरविणाऱ्या या स्वीडिश कंपनीने भारतात पाय रोवले ते १९६० साली, पुण्यात. तिचा पूर्वेतिहास गोमंतकीयांनी मुद्दाम वाचावा असा आहे.

वितळलेल्या लोखंडातून हवेचा झोत सोडून पोलाद करण्याची कृती बेसेमर या इंग्रजाने १८५६ साली जाहीर केली खरी, पण ती साधेना. योरानसन नावाच्या स्वीडिश व्यापाऱ्याने त्या पेटंटातील हिस्सा विकत घेतला आणि १८५८ साली ती यशस्वी करून दाखविली. १८६२ मध्ये त्याने काढलेल्या कारखान्याचे चार वर्षांतच दिवाळे वाजले! १८६८ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. पुढे पोलादापासून ड्रिल, ड्रिलपासून कार्बाइड, आणि आता खाणीच्या पोटात चालकावाचून धावणारी यंत्रे, अशी ही वाटचाल झाली. २०२२ मध्ये तर कंपनीने आपला पोलादाचा व्यवसायच ‘अलायमा’ या नावाने वेगळा काढला. ज्या धातूपासून जन्म झाला तो सुटला, विद्या तेवढी हाती राहिली.

लोखंड आमच्याही भूमीत होते. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या दशकापासून ते बार्जमधून मांडवी-जुवारीने मुरगावला गेले आणि तेथून आधी जपानला, पुढे चीनला. आमोण्याची भट्टी वगळता त्याचे येथे काय झाले? आमच्या मुलांनी ट्रक हाकले, बार्ज चालविल्या. बार्ज बांधणाऱ्या गोद्या मात्र येथे उभ्या राहिल्या. खनिजाने आम्हांला दिलेली अस्सल कारागिरी म्हणावी ती एवढीच. ऑक्टोबर २०१२ मध्ये आणि पुन्हा मार्च २०१८ मध्ये खाणी थांबल्या तेव्हा ट्रक दारात उभे राहिले आणि कर्जाचे हप्ते चालूच राहिले.

गोव्याने पोलादाचे कारखाने काढावेत, असे आम्ही म्हणत नाही. आमच्या खनिजाचा कस कमी, कोळसा नाही, आणि एवढ्याशा भूमीला व नद्यांना आजवर झाला तो जाच पुरे आहे. परंतु यंत्राची दुरुस्ती, त्याचे सुटे भाग, त्याचे नियंत्रण या विद्येला ना डोंगर पोखरावा लागतो, ना नदी गढूळ करावी लागते.

डिसेंबर २०२२ पासून खनिज गटांचे लिलाव सुरू झाले. बोली किती टक्क्यांची लागली, याचे आकडे सरकार अभिमानाने सांगते. त्याबरोबर आणखी एक हिशेब आम्हांला हवा आहे. जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीतून डिचोली, सत्तरी, सांगे, केपे येथील किती मुलांना ही यंत्रे उघडून पुन्हा जोडण्याचे शिक्षण मिळाले, तो. नव्या पट्टेदारांना यंत्रे पुरविणाऱ्या कंपन्यांनी दुरुस्तीच्या कार्यशाळा खाणपट्ट्यातच काढाव्यात आणि त्यांत तालुक्यातील उमेदवार घ्यावेत, असा आग्रह सरकारने नव्या खाणी पूर्ण वेगाने सुरू होण्यापूर्वीच धरला पाहिजे.