स्तंभावरील विद्यार्थी आणि स्तंभाखालील विद्यार्थी

बीजिंग शहरांतील तिआनमेन चौकाच्या मध्यभागीं लोकवीरांचा एक उत्तुंग स्मारकस्तंभ आहे. त्याच्या चौथऱ्यावर जीं शिल्पें कोरलीं आहेत, त्यांपैकीं एकांत सन १९१९ मधील विद्यार्थी दाखविले आहेत. व्हर्सायच्या तहपरिषदेनें शांटुंग प्रांतांतील जर्मनीचे हक्क चीनला परत न देतां जपानच्या पदरांत घातले, तेव्हां ४ मे रोजीं सुमारें ३००० विद्यार्थी याच तिआनमेन द्वारासमोर जमले होते. आजचें चिनी सरकार या दिवशीं युवकदिन पाळतें. मात्र १९८९ मध्यें त्याच स्तंभाच्या पायऱ्यांशीं ज्यांनीं ठाण मांडलें, त्यांचें नांव काढण्याचीहि त्या देशांत सोय नाहीं. एक चळवळ पाषाणावर कोरावयाची आणि दुसरी मनुष्याच्या मनांतूनहि खरवडून काढावयाची, हा न्याय कोणता?

या प्रश्नाला आपल्याकडील सुशिक्षित मंडळींचें एक ठराविक उत्तर असतें. 'सरकारनें वेळीच बडगा उगारला म्हणून चीन आज एवढा संपन्न झाला. पोरांचें ऐकलें असतें तर देश रसातळाला गेला असता.' चहाच्या पेल्याबरोबर हें विधान करणें फार सोपें आहे. परंतु त्या पोरांनीं मागितलें तरी काय होतें? १५ एप्रिल १९८९ रोजीं हू याओबांग वारले. विद्यार्थ्यांशीं मवाळपणानें वागल्याचा ठपका ठेवून दोनच वर्षांपूर्वीं त्यांना पक्षाच्या सरचिटणीसपदावरून दूर केलें होतें. त्यांच्या कार्याचें न्याय्य मूल्यमापन व्हावें, वृत्तपत्रांना स्वातंत्र्य असावें, पुढाऱ्यांनीं आपलें उत्पन्न जाहीर करावें, शिक्षणावर अधिक खर्च व्हावा, अशा त्या मागण्या होत्या. यांत राज्य उलथून टाकण्याची भाषा कोठें आहे? २२ एप्रिल रोजीं तीन विद्यार्थी लोकसभागृहाच्या पायऱ्यांवर गुडघे टेकून, अर्ज डोक्यावर धरून बसले. बादशहापुढें दाद मागणाऱ्या रयतेचीच ही रीत! पंतप्रधान ली पंग कांहीं बाहेर आले नाहींत. चारच दिवसांनीं पक्षाच्या मुखपत्रानें या सर्व प्रकाराला 'अंदाधुंदी' ठरविलें, आणि तेथून समेटाची वाट अरुंद होत गेली. १३ मे रोजीं उपोषण सुरू झालें. १९ मे रोजीं सरचिटणीस झाओ झियांग चौकांत येऊन, आपण फार उशिरां आलों, असें सांगून गेले. दुसऱ्याच दिवशीं लष्करी कायदा पुकारला गेला. झाओंना या दयाबुद्धीची किंमत म्हणून २००५ मध्यें मृत्यु येईपर्यंत नजरकैद भोगावी लागली.

३ जूनच्या रात्रीं सैन्य गोळ्या झाडीत छांगआन मार्गानें चौकाकडे निघालें. मेलेल्यांत वाट अडविण्यास आलेले कामगार व सामान्य नागरिकच अधिक होते. सरकारनें मृतांचा आंकडा सुमारें ३०० सांगितला. इतरांचे अंदाज कांहीं शेंकड्यांपासून सहस्रांपर्यंत जातात.

आतां संपन्नतेविषयीं. आर्थिक सुधारणा १९७८ च्या अखेरीस, म्हणजे या रक्तपाताच्या दहा वर्षें आधींच सुरू झाल्या. रक्तपातानंतर त्या मंदावल्या. १९९२ मध्यें डेंग यांनीं दक्षिणेचा दौरा करून त्यांना पुन्हां चालना दिली. मग गोळ्यांनीं भरभराट आणली, हें गणित कोणत्या शाळेंतलें? दक्षिण कोरियांत १९८७ च्या आंदोलनानें राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक मिळविली. तैवाननें त्याच वर्षीं लष्करी कायदा उठविला. या दोहोंपैकीं कोणता देश भिकेस लागला?

विद्यार्थ्यांना आम्ही देवत्व देत नाहीं. त्यांच्या पुढाऱ्यांत भांडणें होतीं. मेच्या अखेरीस माघार घ्यावी कीं नाहीं, यावर त्यांना एकमत करतां आलें नाहीं. कामगारांना तर त्यांनीं बरेच दिवस आपल्या दोऱ्यांच्या कड्याबाहेरच ठेवलें. पुढें देहान्त शासन झालें तें प्रामुख्यानें या कामगारांना. सुशिक्षितांचा हा सोंवळेपणा आमच्या वाचकांना अगदींच अपरिचित नसावा. पण या दोषांची शिक्षा रणगाड्यांनीं द्यावयाची काय?

शिवाय, तें कृत्य देशहिताचेंच असेल तर झांकावयाचें कशाला? ९ जून रोजीं डेंग यांनीं सेनाधिकाऱ्यांची उघड पाठ थोपटली होती. पुढें तो अभिमान कोठें गेला? तत्त्वज्ञानाच्या अध्यापिका डिंग झीलिन यांचा सतरा वर्षांचा मुलगा त्या रात्रीं मारला गेला. त्यांनीं इतर मातांसह घरोघर शोध करून दोनशेंहून अधिक मृतांची यादी जमविली, तर त्यांच्याच दारावर पाळत बसली. ४ जून हा दिनांक लिहितां येईना म्हणून लोक '३५ मे' लिहूं लागले. तोहि वर्ज्य झाला. हाँगकाँगमध्यें १९९० पासून दरवर्षीं व्हिक्टोरिया उद्यानांत मेणबत्त्या लागत. २०२० मध्यें त्यांवर बंदी आली. शेवटच्या पहांटे सैन्याशीं बोलणें करून विद्यार्थ्यांना सुखरूप बाहेर काढणाऱ्यांत लिउ शिआओबो होते. त्यांना २०१० चें नोबेल शांतिपारितोषिक मिळालें तेव्हां ते अकरा वर्षांची शिक्षा भोगीत होते, आणि समारंभांत त्यांची खुर्ची रिकामी ठेवावी लागली. २०१७ मध्यें ते बंदिवासांतच वारले.

इतका बंदोबस्त करूनहि नोव्हेंबर २०२२ मध्यें, उरुमचीच्या आगीनंतर, शांघाय व बीजिंगच्या रस्त्यांवर तरुण मुलेंमुली कोरे कागद हातीं धरून उभीं राहिलीं. कागदांवर एक अक्षरहि नव्हतें. तरी पोलिसांनीं तें वाचलें आणि धरपकड केली.