मिस्कीन कोण होता?

गरीब, लाचार, दीनवाणा या अर्थाने जुन्या मराठीत वावरणारा 'मिस्कीन' हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, फारसीने तो अरबीकडून घेतला, आणि जकातीचा हक्क ज्यांना पोहोचतो त्यांत कुराणाने मिस्कीनांची गणना केली, एवढी त्याची वंशावळ पुष्कळांस ठाऊक असते. परंतु त्याचे मूळ गाव अरबस्तान नसून बाबिलोन आहे आणि तेथील अक्कदी भाषेत हा इसम गरीब असलाच पाहिजे असे मुळीच नव्हते, हे क्वचितच कोणी बोलून दाखवितो.

इ.स.पूर्व १७९२ ते १७५० या काळात राज्य करणाऱ्या हम्मुराबीचा जो कायदेस्तंभ १९०१-०२ साली फ्रेंच उत्खननकारांना सूसा येथे सापडला व आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात उभा आहे, त्यावर 'अवीलुम', 'मुष्केनुम' आणि 'वर्दुम' अशा तीन दर्जांची माणसे भेटतात. अवीलुम हा वरच्या दर्जाचा स्वतंत्र माणूस; वर्दुम म्हणजे गुलाम, यात वाद नाही; आणि मधला मुष्केनुम हाच आपल्या मिस्कीनाचा पूर्वज. वैद्याने काशाच्या शस्त्राने अवघड शस्त्रक्रिया करून अवीलुमाचा प्राण वाचविला तर दहा शेकेल रुपे, मुष्केनुमाचा वाचविला तर पाच, आणि गुलामाचा वाचविला तर त्याच्या धन्याने दोन द्यावे, असा दर ठरलेला आहे. अवीलुमाने बरोबरीच्याचा डोळा फोडला तर त्याचाही डोळा फोडावा. मुष्केनुमाचा फोडला तर मात्र एक मीना रुपे मोजून मामला मिटतो.

हे पाच शेकेल पाहून 'मुष्केनुम म्हणजे गरीब' असे भाषांतर करण्याचा मोह होतो, आणि मग राजाने गोरगरिबांसाठी वैद्याची फी निम्मी केली, असा मोठा गोड समज पसरतो. पण याच कायद्यात राजवाड्याचा किंवा मुष्केनुमाचा गुलाम वेशीबाहेर पळवून नेणाऱ्यास देहान्ताची शिक्षा सांगितली आहे. ज्याच्या पदरी गुलाम आहे, तो भिकारी कसा? शब्दाचे मूळ लवून मुजरा करणे या अर्थाच्या क्रियापदात आहे, म्हणजे नाव पडले ते कमरेच्या वाकण्यावरून, कनवटीच्या पैशावरून नव्हे. तो स्वतंत्र सामान्य रयतेपैकी होता की राजवाड्याचा आश्रित, हा विद्वानांचा वाद अद्याप मिटलेला नाही.

पेशवाईतील मिरासदार आणि उपरी यांना 'श्रीमंत' आणि 'गरीब' म्हणून कोणी अनुवादिले तर आपण त्याला हसू, कारण त्यांच्यातील भेद मालमत्तेचा नसून जमिनीवरील हक्काचा होता. मग बाबिलोनच्या माणसाला तेवढा न्याय का नसावा? पुढे अरामी व हिब्रू भाषांत शब्दाला दारिद्र्य चिकटले, आणि अरबांबरोबर युरोपात गेल्यावर स्पॅनिशात त्याचा अर्थ कंजूष, फ्रेंचात क्षुद्र वृत्तीचा, असा घसरला. सत्तेपुढे वाकणाऱ्याच्या नावाची ही अधोगती मला तरी आकस्मिक वाटत नाही. तथापि ती पुष्कळ शतकांनंतरची हकीकत आहे, आणि ती हम्मुराबीच्या माथी मारण्याचे कारण नाही. मराठी अनुवादकाने 'मुष्केनुम' हा शब्द तसाच ठेवावा आणि तळटीप द्यावी. छापखान्याला दोन ओळी जास्त जुळवाव्या लागतील, इतकेच.