वाहवा पुरे, इस्लाह हवी

उर्दू शायरीत एक जुना शब्द आहे, इस्लाह. म्हणजे दुरुस्ती. शागिर्दानं गझल लिहायची आणि उस्तादाला दाखवायची. उस्ताद कुठे शब्द बदलणार, कुठे अख्खा शेर काटणार. मगच ती मुशायऱ्यात वाचायची. त्यासाठी समोर बसायलाच हवं असंही नव्हतं. मिर्झा गालिब आपले शागिर्द हरगोपाल तफ्ता यांना पत्रांतून इस्लाह देत. तरुण वयात इक्बाल आपल्या गझला टपालानं दाग देहलवींकडे पाठवत. मराठीत सुरेश भटांनी नवख्यांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली आणि पत्रांतून अनेकांना मार्गदर्शन केलं.

आज लिहिलेलं लोकांपुढे ठेवणं फार सोपं झालंय. रात्री कविता लिहिली की सकाळी चार व्हॉट्सॲप ग्रुपांवर जाते. दुपारपर्यंत अंगठे, फुलं, ‘माशाअल्लाह’, ‘क्या बात है’. बरं वाटतं, वाटायलाही हवं. पण पुढची कविता याहून चांगली व्हायला त्याची मदत होत नाही.

आपल्या, म्हणजे मराठीत लिहिणाऱ्या मुसलमानांच्या वाट्याला आणखी दोन गोष्टी येतात. बाहेर कुठे कथा वाचली की कुणीतरी कौतुकानं म्हणतं, “मुसलमान असून किती छान मराठी लिहिता!” सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला. तरी आपल्या मराठीचं नवल संपत नाही. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं, पण या कौतुकात कथा कुठेच नसते. आपल्या माणसांत वाचली की उलट होतं. “घरातलं बाहेर कशाला सांगायचं? लोक आधीच टपून बसलेत.” ही भीती खोटी नाही, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण इथेही कथा बाजूलाच राहते.

पहिल्या कौतुकावर लेखक खूश राहिला, तर जन्मभर ईद, शिरखुर्मा आणि एकोपा यांवरच लिहीत राहतो. दुसऱ्या धाकाला बळी पडला, तर तलाक, हुंडा, बिरादरीतला उच्चनीच भाव हे विषय वहीतच राहतात. दोन्हीकडे नुकसान लेखनाचंच.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की छापण्याआधी, ग्रुपवर टाकण्याआधी, लिहिलेलं दोन-तीन माणसांना दाखवावं. एक भाषेचा जाणकार, वृत्त कुठे तुटलं ते सांगणारा. एक आपल्या मोहल्ल्यातला, ‘असं आमच्याकडे बोलत नाहीत’ म्हणणारा. आणि एक आपलं जग अजिबात न पाहिलेला. दस्तरखान म्हणजे काय, हे त्याला कंसात अर्थ न देताही वाक्यातून कळलं, तर वाक्य जमलं समजावं. “छान आहे का?” असं विचारू नये, कुणीही हो म्हणतं. “कुठे कंटाळा आला? ही आई इथे गप्प का बसली, ते पटलं का?” असं विचारावं.

आणि कुणी आपल्याला वही दाखवली तर आपणही तेवढा वेळ द्यावा. सुधारायला वाव असलेली ओळ पेन्सिलीनं खूण करून दाखवावी. आपल्याकडे मुशायरे होतात, संमेलनं होतात, सत्कार होतात. महिन्यातून एकदा पाच जणांनी बसून एकमेकांच्या वह्या तपासायच्या, याला ना हॉल लागतो ना निधी. तेवढं तरी सुरू करू या.