पडण्याचा हक्क

चांगला डांबरी रस्ता सोडून मुद्दाम वाईट रस्ता शोधत जाणारे मोटारसायकलस्वार असतात. दगडधोंडे, चिखल, नाले जितके जास्त तितकी मजा जास्त. हा छंद पैसेवाल्यांचा आणि बहुतांशी पुरुषांचा आहे. तरीही या लोकांची एक गोष्ट मला आपल्या चळवळीनं उचलावी अशी वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही मंडळी एकटी जात नाहीत. सर्वांत पुढे वाट माहीत असलेला, सर्वांत मागे अनुभवी. मागच्याचं काम एकच, कुणाला मागे राहू द्यायचं नाही. फाटा आला की एकजण तिथे थांबतो आणि मागचा दिसला की मगच निघतो. नाल्याला पाणी असेल तर आधी कुणीतरी पायी उतरून खोली बघतो. कुणी पडला तर बाकीचे गाड्या थांबवतात, इंजिन बंद करतात, आधी माणूस आणि मग गाडी उचलतात. संध्याकाळी चहाच्या टपरीवर कोण कुठे, कसा आपटला याचे किस्से रंगतात. पडणं ही तिथे लाज नाही, त्या दिवसाची कमाई आहे.

आता आपल्या वर्धा जिल्ह्याकडे बघा. आठही तालुक्यांत डांबर संपलं की पांदण सुरू होते. पश्चिम महाराष्ट्रात तिला पाणंद म्हणतात, चिखल दोन्हीकडे तोच. या पांदणीवरून दुचाकी घेऊन रोज कोण जातं? आशाताई जाते, अंगणवाडी सेविका जाते, नर्सबाई, बचत गटाचं काम बघणारी ताई जाते, शेतावर डबा आणि खताची पिशवी नेणारी शेतकरीण जाते. मार्च 2023 पासून बायकांना एसटीचं तिकीट निम्मं झालं, ते चांगलंच झालं. पण एसटी फाट्यावर सोडते, पुढची वाट आपली आपण काढायची. या बायका खऱ्या खडतर रस्त्याच्या स्वार आहेत. फरक एवढाच की त्यांना रविवार नाही, टोळी नाही आणि मागे राहिलं तर बघणारं कुणी नाही.

आणि गाडी कोणती? हौशी स्वारांसाठी बनवलेल्या हिरो एक्स्पल्ससारख्या गाडीचं पुढचं चाक 21 इंची, पोट जमिनीपासून 220 मिलिमीटर वर. पुढचा मडगार्ड चाकापासून उंच, म्हणजे मध्ये चिखल अडकत नाही. ‘लेडीज गाडी’ म्हणून आपल्याला विकली जाणारी स्कूटर दहा-बारा इंची चाकाची, शहरातल्या गुळगुळीत रस्त्यासाठी बनवलेली. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि टायरला थरावर थर चिकटते. मडगार्ड आणि चाक यांच्या फटीत ती इतकी ठासून बसते की चाक फिरतच नाही. मग काडीनं उकरत बसायचं. म्हणजे सर्वांत वाईट रस्ता ज्यांच्या वाट्याला, त्यांच्याच हाती त्या रस्त्याला सर्वांत नालायक गाडी.

मागच्या पावसाळ्यात सेलू तालुक्यातल्या एका पांदणीत मी एका आशाताईंच्या मागे बसून चालले होते. वळणावर गाडी घसरली आणि दोघी आडव्या झालो. कोपर खरचटलं, आरसा फुटला, विशेष काही नाही. पण उठता उठता बाईंच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, “ताई, घरी नका सांगजा.” लागलं का, हे मागाहून. कारण घरी कळलं की किल्ली जाणार. किल्ली गेली की फेऱ्या थांबणार आणि मानधन कापलं जाणार. त्यांच्या नवऱ्याची मोटारसायकल त्याच वर्षी दोनदा पडली होती. त्याची किल्ली कुणी मागितली नव्हती.

मुद्दा इथे आहे. पुरुष पडला की रस्ता खराब असतो, बाई पडली की बाई खराब असते. “लागलं का वं माय?” असं विचारणारं एखादं असतं, “जमत नाही तं चालवता कायले?” असं म्हणणारे चार. एका पडण्यात तिचं चालवणंच संपतं. जिला पडायची मुभा नाही, तिला शिकायची मुभा नाही.

कायद्यानंही आपल्याला बराच काळ मागेच बसवलं आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 123 वा नियम सांगतो की मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निम्मं मागचं चाक झाकलेलं हवं. आपण त्याला साडीगार्ड म्हणतो. नियम गरजेचाच आहे, त्यानं अनेकींचे जीव वाचले असतील. पण लोकांच्या मनात दुचाकीवरच्या बाईचं चित्र तेच राहिलं, मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून पदर सावरणारी. आजही कितीतरी मुली लायसन्स काढतात ते फक्त विनागियर गाडीचं. गियरची गाडी घरात उभी असते, पण ती ‘त्याची’ असते.

कुणी म्हणेल, चांगले रस्ते मागा, पडायचा हक्क कसला मागता? रस्ते मागायलाच हवेत. 2021 मध्ये राज्य शासनानं मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते योजना आणली. गावात तिची चर्चा होते ती ट्रॅक्टर आणि शेतमालाच्या संदर्भात. गरोदर बाईपर्यंत आशा कोणत्या वाटेनं पोचते, हा प्रश्न त्या चर्चेत येत नाही. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद आहे. तिथे कोणती पांदण आधी, हा ठराव आपण मांडायला हवा. पण सगळ्या पांदणी पक्क्या होईपर्यंत बायकांनी घरी बसावं का?

1991 च्या सुमारास तामिळनाडूतल्या पुदुकोट्टाई जिल्ह्यात शीला राणी चुंकत जिल्हाधिकारी असताना साक्षरता मोहिमेत सायकल शिकवण्याचा समावेश झाला. हजारो बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली कमी पडल्या तर जेन्ट्स सायकलीवर शिकल्या. दांडीवर मूल बसवता येतं म्हणून काहींना तीच बरी वाटली. त्या पडल्या नसतील का? खूप पडल्या असतील. पण घोळक्यानं पडल्या, म्हणून कुणा एकीला हसून घरी पाठवणं शक्य झालं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. एका भागात फिरणाऱ्या आशा, सेविका, बचत गटाच्या ताया यांनी पावसाळ्यात निदान जोडीनं निघायचं ठरवावं. फोन लागत नाही अशा टापूत कोण कधी परतणार हे एकीला माहीत असावं. गावातल्या मैदानात आधी कोरड्यात आणि मग चिखलात गाडी चालवायचा सराव आपणच घ्यावा, गियरच्या गाडीसकट. हेल्मेट दोघींच्याही डोक्यावर हवं. मोटार वाहन कायद्याचं 129 वं कलम मागे बसणारीलाही लागू आहे. पडण्याचा हक्क म्हणजे मरण्याचा नव्हे. लायसन्सची शिबिरं तालुक्याच्या गावी बाजाराच्या दिवशी भरवावीत, आणि फिरतीच्या कामाला गाडीदुरुस्तीचा खर्च धरून प्रवासभत्ता मिळावा, या मागण्या संघटनेनं लावून धराव्यात.

आणि एक काम, ज्याला ठराव लागत नाही की निधी. गटाच्या बैठकीत दर महिन्याला पहिली पाच मिनिटं कोण कुठे पडली हे मोकळेपणानं सांगायला ठेवावीत. हसायचं, मलम लावायचं आणि कुठल्या पांदणीत कुठे खड्डा आहे ते वहीत लिहून ठेवायचं. घरी लपवायची गोष्ट तिथे सगळ्यांच्या उपयोगाची होईल, आणि त्या वहीतूनच महिला सभेच्या ठरावाची यादी तयार होईल.