घरी जोडलेल्या यंत्राचा हिशेब

कॉम्प्रेसर हा शब्द उच्चारला की सावदा-रावेर परिसरातील माणसाला केळीच्या शीतगृहातील यंत्र आठवते, नाही तर मोटारीच्या चाकात हवा भरणारे. वादकांच्या जगात याच नावाचे एक निराळे उपकरण आहे. ते तळहातावर मावते, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालते, गिटार आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडले जाते आणि पायाने दाबून चालू-बंद करता येते, म्हणून त्यास पेडल म्हणतात. असे पेडल तयार न आणता सुटे भाग जमवून घरीच बांधण्याची हौस जगभर गेली पन्नास वर्षे टिकून आहे. वरवर पाहता ही चैनीची बाब वाटेल. परंतु तिच्या पोटी अर्थशास्त्राचा आणि शिक्षणाचा एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. जी वस्तू बाजारात स्वस्तात मिळते, ती स्वतःच्या हाताने करण्यात तालुक्याकडच्या विद्यार्थ्याने आपला वेळ खर्चावा काय?

प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी उपकरणाचे कार्य समजून घेतलेले बरे. तार छेडली की पहिल्या क्षणी स्वर जोरात उमटतो आणि लगेच विरू लागतो. कॉम्प्रेसर हा चढ कापतो आणि उतार सावरतो. त्यामुळे स्वर लांबतो आणि हळू वाजवलेली जागाही ऐकू येते. त्याच्या आत आलेल्या ध्वनिसंकेताचा एक हिस्सा बाजूला काढून त्याची तीव्रता मोजली जाते आणि त्या मापानुसार वर्धनाचे प्रमाण आपोआप कमी-अधिक केले जाते. हे मोजमाप किती वेगाने व्हावे आणि किती सावकाश ओसरावे, हे एक रोधक व एक धारित्र मिळून ठरवतात. दीड लाख ओहमचा रोधक आणि १० मायक्रोफॅरडचे धारित्र घेतले तर दोहोंचा गुणाकार दीड सेकंद येतो. धारित्र १ मायक्रोफॅरडचे केले की तोच काळ एका सेकंदाच्या सातव्या हिश्श्याजवळ उतरतो. पहिल्या जोडणीत स्वर संथपणे सावरतो, दुसरीत तो धापा टाकल्यासारखा वरखाली होतो. बारावीच्या पदार्थविज्ञानात जे समीकरण पाठ करून विसरले जाते, ते येथे कानाला ऐकू येते.

हे काम अनेक मार्गांनी साधता येते. १९७० च्या दशकातील प्रसिद्ध अमेरिकी पेडले सीए ३०८० या एकाच चकतीभोवती रचलेली होती. त्या चकतीचे उत्पादन पुढे थांबले, तेव्हा हौशी कारागिरांनी एलएम १३७०० ही जुळी चकती घेऊन मंडल नव्याने जुळवले. दुसरा मार्ग त्याहून सोपा आहे. एक एलईडी आणि प्रकाश पडला की ज्याचा रोध घटतो असा एक एलडीआर काळ्या नळीत समोरासमोर बसवायचे. आवाज वाढला की दिवा उजळतो, रोध बदलतो आणि आवाज आवरला जातो. या दोन वस्तू मिळून चहाच्या काही कपांइतक्या खर्चात येतात. खरा खर्च होतो तो फेरफारांत. एक भाग काढावा, दुसरा सोल्डर करावा, वाजवून पाहावे, पुन्हा काढावा. शिवाय कॉम्प्रेसर हळू आवाज वाढवतो तेव्हा शांततेतली घरघरही वाढवतो. विजेच्या तारांतून येणारी ५० हर्ट्झची गुणगुण मग लपत नाही. तिचा माग काढताना भूजोडणी म्हणजे काय, धातूची पेटी कशासाठी, बॅटरी का बरी, हे सारे आपसूक शिकले जाते.

गिटार हे परक्याचे वाद्य, त्याच्या लाडाकोडाशी आपला काय संबंध, असा आक्षेप कोणी घेईल. त्याने महाराष्ट्रातील वरातींतून आणि गणेशोत्सवाच्या मिरवणुकींतून वाजणाऱ्या बेंजोकडे पाहावे. हे वाद्य अमेरिकी बेंजो नव्हे. जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ताइशोगोतो नावाचे वाद्य तयार केले. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबून तारा छेडण्याची त्याची रचना होती. ते हिंदुस्थानात आले आणि बुलबुलतरंग झाले. पुढे त्याला गिटारसारखे चुंबकीय पिकअप बसले आणि ते कर्ण्यावर चढले. परदेशी वस्तू जशीच्या तशी न स्वीकारता तिच्यात फेरफार करून ती आपलीशी करणाऱ्या कारागिरांची ही परंपरा आहे. बेंजोचा आघात तीक्ष्ण असतो आणि स्वर चटकन विरतो, म्हणजे कॉम्प्रेसरची गरज त्यास गिटारहूनही अधिक. परंतु गिटारसाठी जुळवलेले तयार पेडल त्या आघाताला तंतोतंत जुळेलच असे नाही. ती जुळणी ज्याला वाद्य व मंडल दोन्ही कळतात अशा स्थानिक माणसालाच करावी लागते.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. डेव्हिड रिकार्डो यांनी १८१७ मध्ये मांडलेला तौलनिक लाभाचा सिद्धान्त प्रत्येक वाणिज्य महाविद्यालयात शिकवला जातो. ज्याला जे काम तुलनेने स्वस्तात जमते ते त्याने करावे आणि बाकीचे विकत घ्यावे, हे त्याचे सार. या न्यायाने पाहता घरच्या पेडलचा हिशेब बसत नाही. चिनी कारखाना एका दिवसात जितकी पेडले बाहेर काढतो तितकी हौशी माणूस आयुष्यात बांधणार नाही. आणि त्याच्या संध्याकाळी मजुरीच्या दराने मोजल्या तर घरचे पेडल तयार पेडलहून कितीतरी महाग पडेल. हा आक्षेप खोटा नाही. घरी केले म्हणून स्वस्त पडते, ही समजूत भाबडी आहे आणि ती सोडलेलीच बरी.

तथापि या हिशेबात एक नोंद राहून जाते. केनेथ ॲरो यांनी १९६२ मध्ये दाखवून दिले की, उत्पादन करता करता मिळणारे शिक्षण हाच उत्पादकता वाढण्याचा एक मोठा उगम असतो. घरच्या जोडणीतून दोन गोष्टी निघतात. एक पेडल आणि दुसरा ते दुरुस्त करू शकणारा माणूस. पहिलीची किंमत बाजारात ठरते. दुसरी राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही, परंतु उद्याचे उद्योग तिच्यावरच उभे राहतात. लिओ फेंडर यांच्या नावाच्या गिटारी आज जगभर वाजतात. त्यांनी आरंभ केला तो कॅलिफोर्नियातील फुलरटन गावी रेडिओदुरुस्तीच्या दुकानातून. आपल्याकडे बंगळूरचे अभियंता व बासरीवादक जी. राज नारायण यांनी साथीच्या सुराची स्वतःची गरज ओळखून इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचे काम केले आणि त्यातून उद्योग उभारला. दोघांच्याही बाबतीत आधी कान होता, मग हात, आणि भांडवल शेवटी आले.

सावद्याचा विचार या दृष्टीने करावयास हवा. या भागाची केळी रेल्वेने दिल्लीपर्यंत जातात. परंतु येथला शिकलेला तरुण पुण्या-मुंबईस जातो तेव्हा केळीप्रमाणे परत येत नाही. शेजारी फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातील पहिले अधिवेशन भरले. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून त्याची सजावट उभी केली आणि ग्रामोद्योगांचे प्रदर्शन मांडले गेले. जवळ असलेल्या साधनांतून कुशल हात काय उभे करतात, हा त्या सोहळ्याचा धडा होता. चरख्याचा काळ मागे पडला हे खरे. पण आजच्या खेड्यात मोबाइल, पंपाचा स्टार्टर, इन्व्हर्टर आणि ॲम्प्लिफायर आहेत. ती बिघडली की फेकायची की उघडायची, हा प्रश्न जुनाच आहे.

सरकारला याची जाणीव नाही असे म्हणता येणार नाही. २०१६ पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग प्रयोगशाळा निघाल्या. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांचा दप्तराविना काळ सुचवला. २०२२ च्या अखेरीस ग्राहकांच्या दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने संकेतस्थळही उघडले. मात्र प्रयोगशाळेला कुलूप असेल आणि साहित्य खराब होईल या भीतीने कपाट उघडलेच जात नसेल, तर धोरण कागदावरच राहते. याउलट पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम स्थापन केला आणि गावाला लागणारी कामे करीत शिकण्याची पद्धत रुजवली. कलबाग हे मोठ्या कंपनीच्या संशोधनशाळेतील शास्त्रज्ञ होते. त्यांनी शाळा सोडलेल्या मुलांच्या हातात अवजारे दिली. नासधूस होईल म्हणून ती काढून घेतली नाहीत.

अशा उपक्रमांना मर्यादा आहेत, त्याही मान्य कराव्यात. छापील मंडल पाहून भाग जोडणे म्हणजे विद्या नव्हे. कोणता भाग काढला तर काय होईल हे सांगता आले पाहिजे. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर शिकणाऱ्याने लागलीच २३० व्होल्टच्या यंत्रात हात घालू नये. आणि हळू आवाज वर आणणारे उपकरण हाती आले म्हणून मिरवणुकीचा कर्णा रात्री दहानंतर चालवण्याचा परवाना मिळत नाही.

मागणी फार मोठी नाही. महाविद्यालयांनी आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आठवड्यातील एक संध्याकाळ प्रयोगशाळेचे एक टेबल गावासाठी खुले ठेवावे. तेथे एक मीटर, दोन सोल्डरिंग आयर्न आणि रोधक-धारित्रांचे डबे असावेत. पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाबरोबर गावातील रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणारा कारागीर मानधन देऊन बोलवावा, कारण त्याच्याजवळ जे ज्ञान आहे ते पदवीधर शिक्षकाजवळ बहुधा नसते. विद्यार्थ्याने पेडल बांधावे, नाही तर बेंजोचा पिकअप. वस्तू कोणती हे गौण आहे. ती त्याला स्वतःला हवी असावी, कारण गरजेपोटी माणूस चौथ्यांदा चुकलेली जोडणी पाचव्यांदा करतो, गुणांपोटी करीत नाही. परीक्षेत या संध्याकाळींना स्थान नसेल. परंतु वर्षाअखेरीस गावात बंद पडलेले यंत्र उघडण्याचे धैर्य असलेली दहा मुले तयार झाली, तर त्या टेबलाचा खर्च फिटला असे खुशाल समजावे.